दीनानाथ मास्तरांचा गुडघा

सुबोधने राधिकाचं मनगट अंगठ्याने दोनदा दाबलं, आणि मग राधिका हसली. एवढंच. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधलं रविवार सकाळचं टेबल, त्यावरचे केशरी ट्रे, डोक्यावर रडतखडत फिरणारा पंखा, शेजारच्या टेबलावरचं उष्टं टिपायला आलेली साळुंकी, सगळं जिथल्या तिथे राहिलं. जावयाने मुलीचा हात धरलेला बघून म्हाताऱ्या बापाचा जीव निवतो, तशी रीतच आहे. पण दीनानाथ मास्तरांच्या हातातला कॉफीचा कप तोंडाशी पोचायच्या आधीच अडला. बारीक काटा टोचावा आणि तो कुठे टोचला हे कळू नये, तसं झालं. त्यांनी कप खाली ठेवला, नातीच्या ताटलीतला प्राट्याचा, म्हणजे तिथल्या पराठ्याचा, तुकडा उचलला आणि विचारलं, "कशाला हसलीस गं राधे?" "काही नाही बाबा, ह्या सुबोधचं आपलं काहीतरी," राधिका म्हणाली. सुबोध तर तोंडातून अवाक्षर बोललेला नव्हता.

मिरजेत दीनानाथ मास्तर सोमवार ते शुक्रवार शाळेत ड्रिल घेत, आणि शनिवार-रविवार खोट्या कुस्त्यांचे रेफरी असत. खोट्या म्हणजे नुरा, कोण कधी पडणार हे आधी ठरवून केलेल्या. केबलवाल्या वायचळशेटने गावोगाव वायर ओढली, पण वायरीतून सोडायचं काय हा प्रश्न होता. तेव्हा त्याने एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात चार खांब रोवून दोर ताणले, आसपासच्या तालमींतून मागे पडलेले गडी गोळा केले आणि 'रविवारची रणधुमाळी' सुरू केली. रविवारी सकाळी दहा वाजता सांगलीपासून चिकोडीपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नसे. त्या तासाला चोरसुद्धा टीव्हीसमोर बसलेले असल्यामुळे चोऱ्याच होत नसत, असं मास्तर सांगत. ते किती खरं ते त्यांनाच ठाऊक. मास्तरांच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली की बाळसं धरूनच परत येते, असा त्यांचा लौकिक होता. सायबेरियाचा लांडगा म्हणून उतरणारा गडी कवठे महांकाळचा होता, एवढं मात्र खरं. त्याला बोलायची बंदी होती, कारण तोंड उघडलं की आतून कवठे महांकाळ बाहेर पडे. इजिप्तच्या ममीला गुंडाळायच्या पट्ट्या गुरांच्या दवाखान्यातून येत, आणि त्या पट्ट्यांच्या मलमाचा वास काढत एकदा एक म्हैस थेट कार्यालयात शिरली ती पहिल्या रांगेत उभी राहून कुस्ती संपेपर्यंत हलली नाही. चार रविवारांचे भाग एकाच शनिवारी उरकायचे; मग दर कुस्तीनंतर प्रेक्षकांना उठवून दुसऱ्या खुर्च्यांवर बसवायचं, आणि हिवाळ्यात दाखवायचा भाग असला तर ऐन मे महिन्यात त्यांना स्वेटर घालायला लावायचे. लोक घालत. घामाने निथळत कुडकुडत.

या सगळ्यात रेफरी म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेलं बुजगावणं, असं लोकांना वाटे, आणि तसंच वाटायला हवं होतं. खरं तर अख्खी कुस्ती त्याच्या जिभेवर चाले. गडी आपटला की रेफरी वाकून बघतो, ते त्याला लागलं का हे बघायला नव्हे, तर पुढचं सांगायला. तो म्हणतोय, आता गळा धर. ह्याचा खांदा दुखतोय, डावीकडून घे. शेट म्हणतोय, कुकरची जाहिरात येतेय, पडून राहा. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला, ओठ न हलवता, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा ठेवून. आणि रेफरी जिथे पोचत नसे तिथे मनगट बोले. एकदा दाबलं तर 'उचलतोय, अंग सोड.' दोनदा दाबलं तर 'आता तुझी पाळी.' लोकांना दिसत ते एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन राक्षस, आणि त्या राक्षसांच्या हाताहातांत हे असं हळुवार बोलणं चाललेलं असे. मास्तरांनी इतकी वर्षं ते जवळून बघितलं होतं की झोपेतसुद्धा त्यांना ते ओळखू आलं असतं. पण ते तोआ पायोहला, कॉफीच्या कपापलीकडे, पोटच्या मुलीच्या मनगटावर दिसेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

योगायोग असेल, म्हणून त्यांनी मन आवरलं. पण डोळ्याला एकदा दिसलं की दिसलं. पुढच्या दिवसांत ते सोफ्यावर बसून पेपर वाचत आणि पेपरवरून बघत. राधिका रॅफल्स प्लेसच्या बँकेतून सात वाजता येई, सुबोध तुआसच्या कारखान्यातून आठनंतर, आणि मग दोघं एकमेकांशी इतकं चांगलं वागत की बघणाऱ्याला गुदमरावं. तो पाणी मागायच्या आत ती पाणी देई, आणि देताना त्याच्याकडे बघे. लग्नाला इतकी वर्षं झालेलं माणूस पाण्याचा पेला देताना कधी बघतं का? मास्तरांची बायको मालती, मागच्या साली गेली, तिने आयुष्यभर पेला असा आदळला की निम्मं पाणी टेबलावर. आणि त्या आदळण्यात काय माया होती हे आता पेला आदळणारं कोणी नाही तेव्हा कळत होतं. हे दोघं एकमेकांना फार जपून धरत होते. खरं भांडण असलेले दोघं जसे जपून धरत नाहीत, तसंच खरा संसार असलेलेही नाहीत. एके रात्री जेवताना चमचा कमी पडला. सुबोध चटकन उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि मास्तरांनी मोजलं नाही पण ऐकलं, एक खण उघडला, मिटला, दुसरा उघडला, मिटला. स्वतःच्या घरात माणूस चमचा शोधत होता. राधिका मोठ्याने आमटीची चौकशी करू लागली, "बाबा, तिखट नाही ना झाली?" खणांचा आवाज आमटीखाली बुडावा म्हणून. मास्तर म्हणाले, "छान झालीये." आणि त्यांना कळून चुकलं, की सुबोध इथे राहत नाही. ते येणार म्हणून तो पाहुणा आलाय. मालती गेल्यावर बाबांना आणखी धक्का नको, असं ह्या दोघांनी कुठेतरी बसून शहाण्यासारखं ठरवलं असणार. आणि आयुष्यभर दोरांच्या आत उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच बाहेर बसवला गेला होता, आणि अख्ख्या कार्यालयात खुर्ची एकच मांडलेली होती.

राग आला नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. उलट काम चोख चाललंय अशी एक जुनी, धंद्यातली दाद मनातून निघाली, आणि तिच्या मागोमाग थकवा. सुबोध उजाडायच्या आत निघे. तुआस म्हणजे बेटाचं पार पश्चिमेचं टोक. तिकडेच कुठेतरी त्याने खोली घेतली असणार, कामापासून पायी जाण्याच्या अंतरावर. आणि आता तो रोज एमआरटीच्या गाडीने बेट ओलांडून ह्या घरी येत होता, हसायला. त्याच्या डोळ्यांखाली जे काळं धरलं होतं ते मास्तरांनी एकदाच बघितलं होतं, वज्रबाहूच्या डोळ्यांखाली, शेवटच्या वर्षी.

वज्रबाहू आणि डॉक्टर कवटी. एक नायक, एक खलनायक, आणि घरी बघावं तर सख्खे साडू. दोन बहिणी दोघांनी केलेल्या. ह्यांचं वैर पडद्यावर इतकं चाललं की वायचळशेटने ते मिटूच दिलं नाही. दर वेळी शेवटची कुस्ती जाहीर व्हायची आणि दर वेळी कवटी कोणाच्या तरी डोळ्यांत राख फेकून पळायचा. आणि धंद्याचा नियम असा, की दोरांच्या चौकात वैरी तर चौकाबाहेरही वैरी. एका गाडीतून यायचं नाही, एका हॉटेलात चहा प्यायचा नाही. सासुरवाडीला लग्न निघालं तर वज्रबाहू मांडवात पंगतीला, आणि कवटी मागे आचाऱ्यांच्या चुलीपाशी, परातीतून खाई. सुरुवातीला मध्यरात्री दोघं गुपचूप विहिरीवर भेटून पोट धरून हसत, मास्तर त्यांना विड्या नेऊन देत. मग हसणं कमी झालं. मग कवटीच्या बायकोला वाटू लागलं की आपल्या नवऱ्यालाच का परातीतून. बहिणीबहिणी बोलेनाशा झाल्या. मग एका शनिवारी कवटीने खांदा दुखतोय असा निरोप दिला, मास्तरांनी तो शब्दाला शब्द पोचवला, आणि वज्रबाहूने त्याच खांद्यावर त्याला आपटलं. मनगट न दाबता. लोक वेडे झाले. तो भाग शेटने तीनदा दाखवला. पुढे छतांवर डिश आल्या, परदेशी कुस्त्या फुकटात दिसू लागल्या, आणि शेटच आपल्या वायरीतून त्या सोडू लागला. रणधुमाळी एका रविवारी लागली नाही, आणि कोणी विचारायलाही आलं नाही. दोघा साडवांना मात्र कोणी सांगितलं नाही की संपलं. ते वैरीच राहिले.

आता बघा, ह्या गोष्टीतून शहाण्या माणसाने जे शिकायचं ते सोडून मास्तर भलतंच शिकले. रात्री पंख्याखाली पडल्या पडल्या त्यांना वाटलं, खोटं वैर करता करता खरं होतं, तर खोटं प्रेम का नाही होणार? वेळ तेवढा मिळायला हवा. त्यांचं परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. ते विमानात बसले की शुक्रवारी सुबोध बॅग उचलणार, आणि मुलीचं घर मोडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि ते बसलेच नाहीत तर? जोवर खुर्चीवर माणूस आहे तोवर दोरांतल्यांना खाली उतरता येत नाही.

मंगळवारी राधिका म्हणाली, "बाबा, बॅग भरायला घेऊ या का? चितळ्यांचा रिकामा डबा परत न्यायचाय म्हणालात."

"गुडघा धरलाय गं माझा."

"कधीपासून?"

"काल जिन्यात. विमानात पाय मुडपून बसवायचं नाही."

सुबोधने डोळे मिटले, पापणी लवावी त्याच्यापेक्षा जरासे जास्त. राधिका म्हणाली, "मग... राहा ना. व्हिजिट पास वाढवता येतो ऑनलाइन. हो ना रे?"

"हो तर. राहा बाबा, घर तुमचंच आहे," सुबोध म्हणाला. त्यांनी एकमेकांचे हात धरले होते की नाही, हे मास्तरांनी मुद्दाम पाहिलं नाही.

मग मास्तर लंगडू लागले. लंगडणं ही त्यांनीच गड्यांना शिकवलेली विद्या. टाच आधी, मग ओठ चावायचा, मग हात भिंतीला. आणि लंगडता लंगडता ते वाट बघत. एका संध्याकाळी दोघं गॅलरीत उभे राहून कोणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत खरंच हसले, तेव्हा मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही, इतका आनंद झाला. पण त्याच आठवड्यात राधिका बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बाहेर आली नाही, आणि सुबोध मायक्रोवेव्हसमोर उभ्या उभ्या झोपला, तो टिंग वाजल्यावर दचकला. महिना लांबत गेला, चिंगमसारखा, चव गेलेल्या. घरात सगळे इतके गोड बोलत होते की कोणाचंच कोणाशी बोलणं होत नव्हतं. खालच्या कॉफी शॉपमध्ये रोज भेटणारा एक चिनी म्हातारा मास्तरांना म्हणाला, की पूर्वी इथेही करमणुकीच्या बागांत कुस्त्या व्हायच्या, "ऑल फेक वन, बट मस्ट शाउट." मास्तरांनी त्याला म्हशीची गोष्ट सांगायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली. असं त्यांचं कधी झालं नव्हतं.

इरा बारा वर्षांची. घरात सर्वांत कमी बोलणारी, म्हणून मास्तरांचं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी सातनंतर ते स्वयंपाकघराकडे लंगडत निघाले, तेव्हा ती टेबलावरच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, काल दुसरा पाय होता."

"काय?"

"काल लेफ्ट. आज राइट. सेम पाय धरायचा, लाह," तिथल्या पोरांचं शेपूट लावत ती म्हणाली.

मास्तर एका पायावर उभेच राहिले. इतक्या गड्यांना त्यांनी ह्याच चुकीवरून शिव्या घातल्या होत्या. तेवढ्यात राधिका आतून आली, "काय गं, काय झालं?" इरा म्हणाली, "नथिंग. आजोबांचे आता दोन्ही गुडघे दुखतायत." आणि तिचा चेहरा कोरा होता. धुतलेल्या पाटीसारखा कोरा. मग तिच्या हातून पेन्सिल पडली, ती उचलायला ती आईच्या पायाशी वाकली, आणि ओठ न हलवता, श्वासाइतक्या आवाजात म्हणाली, "पप्पा सेज एट-थर्टी. यू आस्क हिम अबाउट द प्रोजेक्ट, ही विल से फाइन." पेन्सिल घेऊन ती पुन्हा गणित सोडवू लागली.

दुसऱ्या कोणाला ते ऐकू आलं नसतं. मास्तर भिंत धरून खोलीत गेले आणि पलंगावर बसले, आणि बसल्यावरही भिंतीवरचा हात काढायचं त्यांना सुचलं नाही. रेफरीला कोणी कधी विचारत नाही, तुला लागलं का. शनिवारी रात्री घरी गेल्यावर मालती विचारायची, "कसं झालं आज?" आणि दिवसभर दुसऱ्यांचे निरोप वाहिलेल्या तोंडात स्वतःचं असं एक वाक्य उरलेलं नसायचं, म्हणून मग ते म्हशीची गोष्ट सांगायचे. त्यांच्या सगळ्या थापा तिथून सुरू झाल्या होत्या. पण ते तेव्हा चाळिशीचे होते. ही पोर शाळेतून येऊन, वॉटर बॅग ठेवून, कामाला लागत होती. आणि महिनाभर जास्तीचं काम तिच्या गळ्यात कोणी घातलं होतं, ते सांगायला कोणाची गरज नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं झाली. सुबोध आंबा चिरत होता. राधिका इराकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "इरा, इथून पुढे कोणाचा निरोप कोणाला सांगायचा नाही. ते दोघं मोठे आहेत. त्यांचं ते बोलतील."

"कसला निरोप बाबा?" राधिका हसून म्हणाली. हसू नुसतंच चेहऱ्यावर राहिलं.

"राधे, पुरे आता. सुबोधराव, तुम्हीही पुरे. दमलात."

सुबोधने सुरी खाली ठेवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी."

"पहिल्या?" राधिकाचा आवाज चढला. "मग गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे."

"म्हणजे हा रोज पहाटे उठून तुआसला जातोय, मी रात्री भिंतीकडे तोंड करून... आणि तुम्ही लंगडताय! आम्हाला वाटलं तुमच्यासाठी करतोय. कशासाठी बाबा? गंमत बघत होतात?"

एरवी अशा वेळी त्यांच्या जिभेवर काहीतरी तयार असे. लांडगा, ममी, काहीतरी. "मला वाटलं," ते म्हणाले, "करता करता खरं होईल."

राधिकाचा राग एकदम उतरला. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने पहिल्यांदा सुबोधकडे असं बघितलं, की त्या बघण्यातून कोणाला काही दाखवायचं नव्हतं. "नाही होत बाबा," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी बघितलं आम्ही करून. वर्षभर."

"दीड," सुबोध म्हणाला.

"हो. दीड."

खाली लिफ्टचं दार वाजलं. इरा तिघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "सो... आय कॅन स्टॉप?"

राधिकाने तोंडावर हात घेतला. सुबोध म्हणाला, "हो बेटा. स्टॉप." आणि उठून सोफ्यावर जाऊन बसला, म्हणजे बसायला गेला आणि आडवा झाला, उशी नाही, चादर नाही, हाताला आंब्याचा रस तसाच, आणि बघता बघता घोरू लागला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तोंड उघडं टाकून. राधिका उठली आणि त्याच्या तोंडावर ऊन येत होतं त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. मास्तरांच्या छातीत काहीतरी उडी मारायला उठलं. ते त्यांनी तिथेच खाली बसवलं, मान वळवली, चपला हातात घेतल्या आणि दार आवाज न करता ओढून बाहेर पडले.

लिफ्टपाशी ते चपला घालत होते, तेव्हा मागून इरा आली. तिच्याही हातात बूट.

"आजोबा, वेट."

"कुठे निघालीस?"

"एनीवेअर."

दोघं खाली उतरली आणि ब्लॉकमागच्या रस्त्याने चालू लागली. ऊन मी म्हणत होतं. थोडं पुढे गेल्यावर इरा म्हणाली, की तिच्या वर्गात जाई नावाची एक मुलगी आहे, ती आधी बेस्ट फ्रेंड होती पण आता दुसरीकडे बसते. आणि नेटबॉलमध्ये तिला, म्हणजे इराला, राखीव ठेवलं ते मुळीच फेअर नव्हतं. आणि तिला खरं म्हणजे गणित आवडत नाही, सगळ्यांना वाटतं आवडतं. आणि पप्पांच्या नव्या खोलीत एक खिडकी आहे, तिच्यातून जहाजं दिसतात, पण तिथे झोपायची तिला भीती वाटते. ती अर्धी इंग्रजीत बोलत होती, अर्धी मराठीत, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. बस स्टॉप मागे पडला, मग दुसरा. मास्तरांना दोनदा एक फक्कड गोष्ट आठवली. त्यांनी ती सांगितली नाही. ते आपली सावली तिच्यावर पडावी असे चालत राहिले, आणि ती थांबली की नुसतं म्हणत, "मग?"